निर्मनुष्य मळा

"मेस्त्री नाय इले?"

सुमतीकाकी केळुसकर पायरीवर उभ्या होत्या आणि रिक्षात आणखी कुणी आहे का ते वाकून बघत होत्या. मी अप्पांची लाकडी पेटी खाली ठेवली.

"अप्पा गेले, काकी. आज एकोणीस दिवस झाले."

रिक्षा वळून गेली, तिचा आवाज थांबला, मग काकी म्हणाल्या, "आणि माझा पत्र?"

"ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी पोचलं. मी फोडलं."

पत्रात तीन ओळी होत्या. आता घरात नको म्हणणारं कुणी उरलं नाही. छप्पन सालचं तुमचं काम एकदा येऊन बघावं. मला दिसतं आहे तोवर यावं.

अप्पांनी छप्पन साली वेंगुर्ल्यात काही काम केलं होतं, हेच मला माहीत नव्हतं. सावंतवाडीहून वेंगुर्लं तासाभराच्या अंतरावर. इतक्या वर्षांत या रस्त्याने आम्ही कितीदा तरी गेलो असू, पण त्यांनी या घराकडे मान वळवून पाहिल्याचं मला आठवत नव्हतं.

ही अठ्ठ्याण्णव सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. अप्पा जुनी तैलचित्रं दुरुस्त करत. शेवटची सहा वर्षं त्यांचा हात कापायला लागला होता. तेव्हापासून कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी त्यांचं काम मी करत होते. ते खुर्चीत बसून सांगत, मी करे. ते खुर्चीत नसताना मी एकही चित्र साफ केलेलं नव्हतं. आणि दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, ते मला म्हणाले होते, "कुंदा, एक काम माझ्या हातून वायट झाला." कुठलं म्हणून मी विचारलं, तर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. पत्र वाचलं तेव्हा मला वाटलं, हेच ते काम. जमलं तर ते नीट करायचं, एवढंच मनाशी धरून मी आले होते.

चित्र दिवाणखान्यात होतं. चार फूट लांब, अडीच फूट उंच. मॉरिशस बेटावरचा उसाचा मळा. मागे टोकदार निळा डोंगर, त्याच्या पायथ्याशी साखरेच्या कारखान्याचं धुराडं, डाव्या हाताला बंदर आणि शिडाची दोन जहाजं, आणि पुढे, अर्ध्याहून अधिक चित्रभर, ऊस. उसातून एक तांबडा रस्ता बंदराकडे गेलेला. रस्त्यावर उसाने लादलेल्या दोन बैलगाड्या.

मी बराच वेळ बघत राहिले. गाड्या चालत होत्या, बैलांचे पाय उचललेले होते, पण हाकणारा कुणी नव्हता. धुराड्यातून धूर येत होता. धक्क्यावर पोती रचलेली होती. माणूस एकही नव्हता.

"काय निवांत आहे ना?" मागून आवाज आला. काकींचा मुलगा उल्हास. अडतीस-चाळिशीचा, हसतमुख. जिल्ह्यात पर्यटक यायला लागले म्हणून त्याने माडीवरच्या चार खोल्या भाड्याने द्यायला काढल्या होत्या. त्याने खिशातून एक कार्ड काढून मला दिलं. वर हेच चित्र, खाली 'केळुसकर निवास, समुद्रापासून दहा मिनिटांवर'. "मुंबईची माणसं हे चित्र बघूनच खूश होतात, कुंदाताई. म्हणतात, अशी शांतता पाहिजे."

"मशानात पण शांतताच असता," काकी म्हणाल्या.

"बघा, ही आमची जाहिरात." तो हसला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "तुमच्या वडिलांचं ऐकलं. वाईट वाटलं. पण खरं सांगू? ह्या चित्राला काहीही झालेलं नाही. आईच्या डोक्यात काय आलंय कळत नाही. काचबिंदूने तिचा एक डोळा गेला, दुसरा चाललाय, आणि तिला चित्र बघायचंय."

"बघून तर घेते," मी म्हटलं.

आम्ही दोघांनी चित्र उतरवून खिडकीजवळच्या टेबलावर उभं टेकवलं. मी पेटीतली बॅटरी काढली, खिडकी लावून घेतली आणि चित्राच्या अगदी कडेला बॅटरी आडवी धरली. अप्पा कुठलंही चित्र आधी असंच बघायचे. समोरून उजेड पडला की रंग दिसतो, बाजूने पडला की रंगाची जाडी दिसते.

डोंगर, आकाश, जहाजं यांच्यावर बारीक तड्यांचं जाळं होतं. सव्वाशे वर्षांच्या तैलरंगावर ते असायचंच. उजेड रस्त्यावर आला आणि जाळं संपलं. रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगचा ऊस गुळगुळीत होता. आणि त्या गुळगुळीत हिरव्याच्या खालून उंचवटे दिसत होते. एक डोक्यासारखा गोल. त्याच्या खाली खांदा. पलीकडे आणखी एक. आणखी दोन. तांबड्या मातीवर तपकिरी पट्टे होते, सगळे एकाच बाजूला कललेले. मघाशी मला ते चाकोऱ्या वाटले होते. त्या सावल्या होत्या.

"इथे माणसं आहेत," मी म्हटलं. "कुणीतरी झाकलीत."

"तुझ्या बापाशीन," काकी म्हणाल्या.

उल्हासने आईकडे बघितलं. त्यालाही हे नवीन होतं, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

काकी झोपाळ्यावर बसल्या. सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, चित्राकडे बघत होत्या.

"माझा लगीन छप्पनच्या माघात झाला. मी इलंय तेवा ह्या चित्रात माणसा होती. वीस-बावीस. बायकाच जास्त. आमच्यासारखी कासोटो मारून नेसलेली, डोक्यार उसाचे भारे. आपलीच माणसा ती, हयसरची, रत्नागिरीची. बोटीन नेलेली. आणि त्यांच्यामागे एक तांबडो पटको बांधलेलो, हातात वेत. तो आमच्या मामंजींचो आजो."

"सरदार?" उल्हास म्हणाला. "खापरपणजोबा मॉरिशसला सरदार होते ते?"

"सरदार म्हणजे काय तां तुका म्हायती आसा? तलवारवालो नाय. मजुरांच्या टोळीवर देखरेख करणारो. तिकडे त्याका सरदार म्हणत. वेत उगारलेलो होतो त्या चित्रात. मळ्याच्या सायबान खूश होऊन चित्र दिल्यान, आज्यान तां मिरवत घरी आणल्यान. घराक मान इलो. मगे स्वराज्य इला. कोण मंत्री आमच्याकडे उतरूचो होतो. मामंजी म्हणाले, ह्यो वेतवालो दिसता कामा नये."

"मग त्या एकट्यालाच का नाही झाकलं?" मी विचारलं.

"मीपण तसाच इचारलंय आमच्या ह्यांका. म्हणाले, त्याका काढलो तर बाकीच्या बायका खालमानेन कोणापुढे चालतत, असा कोणतरी इचारीत. म्हणून सगळीच काढली." त्यांनी झोपाळा पायाने थांबवला. "मुंबयच्या म्युझियममध्ये शिकान इलेलो पोरगो सावंतवाडीत आसा म्हणान कळला. पंचवीस-सव्वीस वर्साचो. तुझो बापूस."

मी बॅटरी बंद केली. माझे वडील, ज्यांनी माझ्या हातून कधी केसाएवढा मूळ रंग जाऊ दिला नाही, त्यांनी वीस माणसं उसाखाली घातली होती. मला त्यांचा राग आला असता तर बरं झालं असतं.

"ती खाली शाबूत असतील का?" उल्हासने विचारलं.

"त्यांनी कशात रंग कालवला त्यावर आहे. तैलरंग मारला असेल तर बेचाळीस वर्षांत तो खालच्या रंगाला धरून बसला असणार. तो काढायला गेलं तर माणसंही निघतील. मग ती आहेत की नाहीत याला अर्थ उरत नाही."

"मग हात लावू नका," तो पटकन म्हणाला. "खरंच. निदान ऊस तरी आहे. उद्या भोक पडलं तर मी भिंतीवर काय लावू?"

"माका त्यांतली एक बघूची आसा," काकी म्हणाल्या. "एक बाई होती. सगळी खाली बघीत, ती समोर बघी. मी ह्या घरात नवीन. न्हवरो मालाची होडी घेवन मुंबयच्या फेरयेर. सासू बोलाची नाय. मी केर काढताना तिच्याकडे बघी, ती माझ्याकडे. चार म्हयने." आणि मग मुलाला, "तू तुझ्या कार्डार दुसरा कायव छाप. माड छाप."

शेवटी ठरलं की मी एकच तुकडा बघायचा, काडेपेटीएवढा. काकींनी ती बाई जिथे होती म्हणून सांगितलं, तिथेच. काही चुकीचं दिसलं की थांबायचं. उल्हास खुर्ची ओढून माझ्या शेजारी पहाऱ्याला बसला.

बांबूच्या काडीला कापूस गुंडाळला आणि तोंडात धरला. उल्हासने तोंड वेडंवाकडं केलं.

"थुंकी?"

"वरची धूळ-काजळी हिच्याइतकी हळुवार दुसऱ्या कशानेच निघत नाही."

"मुंबईच्या म्युझियममध्येपण?"

"सगळीकडे. फक्त कुणी सांगत नाही."

म्हणूनच कामाच्या दिवशी अप्पा मासे खात नसत, कांदा नाही, चहा नाही. मीही सकाळपासून पाण्यावर होते. कापूस घासायचा नसतो, लाटायचा असतो, पोळीसारखा. चार बोळ्यांत काजळी निघाली, हिरवा उजळला. नंतर टर्पेंटाइन. बोळा पांढराच राहिला. पुन्हा केलं. पांढराच. हिरवा रंग तसूभर हलला नाही. टर्पेंटाइनला न हलणारा रंग म्हणजे बहुतेक तैलरंग. यापुढची पायरी स्पिरिट, आणि स्पिरिटने खालचा रंग दुखावला तर ते अप्पांचं नाही, माझं काम असणार होतं.

मी तासभर तशीच बसले. मागे अप्पांची खुर्ची नव्हती. दोनदा तरी मी, "आता?" म्हणून मागे वळले. उल्हासच्या ते लक्षात आलं असावं. तो उठला आणि पाणी आणायच्या निमित्ताने आत गेला.

दुपारी काकींनी पान वाढलं. मोरी माशाचं, मटणाच्या सागोतीसारखं कालवण होतं.

"मला डाळभात चालेल, काकी."

"सुतक सोडलंस ना?"

"सुतक नाही. काम चालू असताना मासे नाही खात आम्ही. तोंडाला तेल येतं."

काकी हसल्या. आल्यापासून पहिल्यांदाच. "तोपण असोच. इसवणाची तुकडी वाढलंय तर ताट सारल्यान. मामंजी म्हणाले, बामण काय रे तू? पंधरा दिवस डाळभात खाल्ल्यान."

"पंधरा दिवस?" मी हात थांबवला. "एवढ्या भागाला चार दिवस पुष्कळ झाले."

"मगे काय तर! पयले आठ दिवस नुसतो बसान होतो. चित्रावर काय तरी चकचकीत लावल्यान आणि बसलो. मामंजी विचारीत, काय चल्लाहा? तो म्हणे, सुकता. रोज बोट लावन बघी. मामंजी येताजाता बोलत, हो चित्रकार की पापडवालो?"

"आणि रंग? रंग कुठून आणला होता, आठवतं?"

"रंगाची पूड होती पुड्यांतून. पण तेका राळ होयी होती. आमच्याच वखारीतली मागल्यान, पडावांच्या, मालाच्या होड्यांच्या, फटी बुजवची. मामंजी फटकन म्हणाले, चित्र रंगवतंस की पडाव बुजवतंस? हसलो नाय. राळ कुटल्यान, फडक्यातून गाळल्यान, टर्पेंटानात भिजत घातल्यान..."

मी पानावरून उठले. हे मी कुणाच्याही घरी कधी केलेलं नाही.

"गो बाय, जेव तरी!"

तेल नव्हतं. त्यांनी रंगाची पूड तेलात नाही, राळेत कालवली होती. आणि त्याआधी त्या माणसांवर राळेचाच स्वच्छ थर देऊन तो आठ दिवस सुकवला होता, म्हणजे झाकणारा रंग त्यांना कुठेही टेकणार नाही. ताजी राळ टर्पेंटाइनमध्ये विरघळते, जुनी विरघळत नाही. जुनीला थोडं स्पिरिट लागतं. तैलरंग मात्र तेवढ्या स्पिरिटला दाद देत नाही. सव्विसाव्या वर्षी, शेजारी मालक उभा असताना, रोज टोमणे खात, त्यांनी पुढे कधी काढता येईल असं झाकण घातलं होतं, आणि मालकाला ते कळू दिलं नव्हतं.

पण हे सगळं काकींच्या आठवणीवर अवलंबून होतं. बेचाळीस वर्षांपूर्वीच्या.

एक भाग स्पिरिट, चार भाग टर्पेंटाइन. काही नाही. एकास तीन. काडी लाटली, उचलली. कापसावर पुसट हिरवी झाक होती. उल्हास माझ्या खांद्यावरून वाकला होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

"हिरवा आला," तो म्हणाला. "कुठला हिरवा? तुमच्या वडिलांचा की मूळचा?"

"थांब."

दुसरा बोळा. तिसरा. चौथ्याला हिरवा नुसता निघाला नाही, सुटला. गरम पाण्यात ठेवलेल्या बरणीचं लेबल सुटतं तसा, एका कडेने. खाली मधासारखा पिवळा थर, आणि त्याच्या खाली एक डोळा.

मी हात मागे घेतला. नवा बोळा गुंडाळला. मग भुवई काढली. कपाळ, त्यावर आडवं कुंकू. नाकाचा शेंडा, त्यात चमकी. चित्रकाराने तिच्या चेहऱ्याला अंगठ्याच्या नखाएवढी जागा दिली होती, पण ती भारा सावरता सावरता सरळ समोर बघत होती. तिच्या गालावर तडे होते, बारीक, जुने, मूळचे. एकही ओरखडा नव्हता.

"आई," उल्हास म्हणाला, आणि मग मोठ्याने, "आई, हयसर ये!"

काकी आल्या. त्यांनी चांगला डोळा चित्राजवळ नेला, इतका की नाक लागेल म्हणून मी हात आडवा धरला. त्या बराच वेळ वाकून राहिल्या.

"माझ्यापेक्षा ल्हान आसा ही," शेवटी म्हणाल्या. "तेवा माका मोठी वाटायची."

मग माझ्याकडे वळून, "आता तरी जेवतलंस?"

काडेपेटीएवढ्या तुकड्यावर आमचं ठरलेलं काम संपलं होतं. पण दुसऱ्या दिवशी निघताना उल्हासने पेटी रिक्षापर्यंत आणली आणि म्हणाला, "पुढच्या शनिवारी येताय ना?"

त्या हिवाळ्यात मी दर शनिवारी जाऊन रविवारी परतत असे. वेंगुर्ल्याच्या एसटीत मी त्या बेटाबद्दल जे मिळेल ते वाचत असे आणि दिवाणखान्यात पोचल्यावर त्यातलं काहीच उपयोगी पडत नसे. तिथे एका वेळी एक टाच, एक काकण, भाऱ्याखाली वाकलेली एक मान एवढंच असे. पहिल्या महिन्यात उल्हासने ती कार्डं वाटणं बंद केलं. दुसऱ्या महिन्यात आलेल्या पाहुण्यांना तो स्वतःच चित्रापाशी आणून, "ही काल निघाली," असं सांगू लागला. गाडी हाकणारे निघाले. धक्क्यावर पोती वाहणारे निघाले. काकी रविवारी सकाळी येऊन नवीन कोण ते विचारत आणि मी सांगे, कारण डावीकडचं त्यांना आता दिसत नव्हतं. त्या बाईचं मात्र विचारत नसत. ती कुठे आहे ते त्यांना न बघता माहीत होतं.

फेब्रुवारीत एकच जागा उरली. उल्हास म्हणाला, "खापरपणजोबांना राहू दे की तसेच. बावीस जण बाहेर आलेत. पुरे नाहीत?"

"त्याच्यापायी ह्यांका झाकलां," काकी म्हणाल्या. "आणि आता त्याका झाकून ठेवलंस तर लोक इचारतले, ह्या बायका भितत कोणाक? काय सांगतलंस? पर्यटकांक?"

उल्हासने बॅटरी उचलली आणि माझ्यासाठी धरली. तांबडा पटका निघाला, उगारलेला वेत निघाला, शेवटी तोंड निघालं.

"नाक तर आपलंच आहे," उल्हास म्हणाला. कुणी हसलं नाही. मग काकी हसल्या.

चित्र परत भिंतीवर चढवायच्या आधी मी नोंद लिहायला बसले. प्रत्येक चित्राची एक नोंद चौकटीच्या मागे चिकटवायची असते: कोणत्या अवस्थेत मिळालं, काय वापरलं, आपल्याआधी कुणी काय केलं होतं. म्हणजे पन्नास वर्षांनी जो कुणी हे चित्र उघडेल त्याला चाचपडावं लागू नये. माझ्या हस्ताक्षरातली ही पहिलीच नोंद होती; याआधी अप्पा सांगत आणि मी लिहून घेई.

'आधीचे काम' या रकान्यापाशी मी थांबले. मग लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत कागद धरून ठेवला.

"काय लिवलंस? वाच," काकी म्हणाल्या.

"गजानन मेस्त्री, सावंतवाडी, १९५६. थर सहज निघतो. खालचं चित्र सुरक्षित."

त्यांनी पुढे काही येईल म्हणून वाट बघितली. "इतक्याच? बापूस ना गो तुझो?"

"हो," मी म्हटलं. "आमच्या कामात याहून मोठं काही लिहीत नाहीत."